सरुबाईच्या अंगावरचं माझं लुगडं

मु. बावडा, ता. इंदापूर
वैशाख वद्य ५, शके १८५७

तीर्थरूप हिंदुराव दादास, धाकटी बहीण जयवंताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

‘तीर्थरूप’ माझ्या नातवानं, रामहरीनं, आपल्या मनानं लिहिलं. म्या सांगितलं न्हाय. त्याला पत्राची रीत मोडवत न्हाय, तुला मातर भावाची रीत खुशाल मोडवली.

त्याच्याच लग्नात, भर मांडवात, माहेरचं लुगडं घेऊन उठलास. मी म्होरं आले, पदर पसरला. तू माझ्या तोंडाकडं टकामका बघितलंस आणि लुगडं कुणाच्या वटीत घातलंस, तर माझ्या जावंच्या, सरुबाईच्या! चुली वेगळ्या झाल्यापासनं तिचं माझं बोलणं न्हाय, ठावं हाय ना तुला? बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सरुबाई म्हणती, वटीत पडलेला मान माघारी देत न्हाईत. आता ते नेसून पाण्याला जाती, माझ्याच दारावरनं.

चुकलं म्हणावं, तर घडीभरात पार कोपऱ्यात लापशीच्या पातेल्यात कुत्र्यानं तोंड घातलं, ते एवढ्या माणसांत तुलाच दिसलं. कुत्रं दिसतं आणि बहीण दिसत न्हाय? तुझी नात रामहरीला केली न्हाय, त्याचा सूड उगवलास. दुसरं काय!

लोभ व्हता तेवढा तू मांडवातच वाटून टाकलास. आता मागत न्हाय.

जयवंता

मु. कन्हेरी, ता. बारामती
ज्येष्ठ शुद्ध १०

चि. सौ. जयवंता हीस हिंदुरावाचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझं पत्र कुंडलिकानं वाचून दावलं. मधी त्याला हसू आलं, म्हणून लेकाला शिवी हासडली. उरलेली तुला.

अगं भवाने, मला माणसांची तोंडं दिसत न्हाईत. ज्याच्याकडं बघावं, तोच मधनं पुसून जातो. कडंचं समदं दिसतं, खांब, तोरण, तुझं ते कुत्रं. तू पुढ्यात उभी राहिलीस म्हणूनच दिसली न्हाईस. शेजारी तुझ्यावाणीच ठेंगणी बाई हिरव्या लुगड्यात दिसली, तीच तू समजलो.

परवा दौंडाला गाडी बदलून पुण्याच्या डोळ्याच्या डाक्तराकडं जाऊन आलो. मोतीबिंदू असता तर काढला असता, म्हणाला. ह्यो डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजलाय. म्हातारपणी व्हतं, इलायतेतल्या म्हाताऱ्यांनाबी व्हतं, आणि तितंबी औषध न्हाय.

नात केली न्हाईस त्याचा राग व्हता, खोटं कशाला बोलू? पण रागावलेला माणूस लुगडं घेऊन येत न्हाय, घरी बसतो. एवढीबी अक्कल न्हाय तुला?

आशीर्वाद धाडलेत ते घे. नको असतील तर सरुबाईला दे.

हिंदुराव

मु. बावडा
श्रावण शुद्ध २

दादास नमस्कार. रामहरीनं पुढं बरंच काही लिहिलं व्हतं, ते खोडायला लावलं.

तुझ्या शेजारचा गेणू हितं बाजाराला आला व्हता. तू डोक्यावर वांग्याची पाटी घेऊन पाण्याच्या चारीच्या अरुंद बांधावरनं तरातरा चालतोस, म्हणाला. मळ्यात कुणाची शेळी शिरली तर लांबनं हाळी देतोस. आंधळा चाचपडतो, दादा. मधनं आंधळा आणि कडंनं डोळस असा माणूस कुठल्या देवानं घडवला? तुझ्या डाक्तराला म्हणावं, मला येड्यात काढू नको.

पंचमीला मला न्यायला कुणाला धाडू नको. दिवाळीलाबी तू येऊ नको. भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळती. मीबी त्यालाच ओवाळीन. माझं माहेर संपलं.

जयवंता

मु. कन्हेरी
भाद्रपद शुद्ध ६

आशीर्वाद. ओवाळ चंद्राला. त्यो काही लुगडं घेऊन येणार न्हाय, म्हंजे चुकायचाबी न्हाय.

आई शेवटाला मान वाकडी करूनच माणसाकडं बघायची, आपण तिला तिरसट म्हणायचो. आता सून मला तेच म्हणती. कानावर घातलं. पटलं तर पटलं.

हिंदुराव

मु. बावडा
कार्तिक शुद्ध ३

तीर्थरूप हिंदुराव दादास (ह्या खेपेला म्याच सांगितलं तसं लिहायला) शि. सा. नमस्कार. वि. वि.

काल भाऊबीज. दिवस मावळल्यावर ताट घेऊन अंगणात गेले. सुना म्हणाल्या, त्यो बघा लिंबाच्या शेंड्यावर. बघितलं, तर लिंब हाय, घराचं धाबं हाय, चंद्र न्हाय. म्हणलं, ढग आला आसंल. रामहरीची बायको हसली, आजी, ढग कुठाय? मी चिडून तोंड फिरवलं, आणि फिरवल्यावर दिसला, कडंला, नखाएवढा. परत बघितलं, परत गेला.

श्रावणापासनं दाराची चौकट वाकडी दिसती म्हणून मी सुताराच्या सात पिढ्या उद्धारल्या. चौकट सरळच हाय म्हणं. भांगाची रेघबी आरशात दिसंना झालीया. मला लई भ्या वाटतंय. कुणाला सांगितलं न्हाय, रामहरीलाबी शपथ घातलीया. सरुबाईला कळलं तर ती माझ्या पुढ्यात उभी राहून वाकुल्या दावंल.

माफी मागणार न्हाय. लुगडं तुझ्याच हातनं गेलं, दुसरं आण. राग हाय त्यो हायच. पण चंद्राला म्या ओवाळलं न्हाय. ताट झाकून ठिवलंय.

बिगीनं ये. आलास की पाटावर समोर तोंड करून बसू नको, आडवा बस. मीबी तोंड फिरवूनच ओवाळीन, म्हंजे दिसशील. लोकं म्हणतील, बहीणभावाचं भांडण अजून मिटलं न्हाय. म्हणू देत.

तुझी बहीण
जयवंता