सात रेघा

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझं अर्धं तुला ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू तुझ्या सोयीनं ऐकतेस, म्हणून लिहिते. तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर आहे. खोलीच्या खिडकीची झडप अडकत होती, ती मीच रंधा मारून बसवली.

आता खरं सांगायचं ते. कारखान्यात मला आखणीचं काम दिलंय, हे तुला माहीत आहे. खुर्चीच्या पायाचं माप घ्यायचं, पेन्सिलनं रेघ मारायची, पुढे कापणारा कापतो. मी एकदा मापते, मग खात्री करते, मग खात्रीची खात्री करते. गेल्या आठवड्यात एका पायावर माझ्या सात रेघा निघाल्या, एकमेकींना खेटून. नेमक्या कुठल्या रेघेवर कापायचं ते कळेना, म्हणून कापणाऱ्यानं तो पाय मुकादमबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी मला विचारलं, हे लाकूड आहे की गिरवायची पाटी? सगळे हसले, मीही हसले, आणि मोरीत जाऊन रडले. संध्याकाळी त्यांनी एकटीला बोलावून सांगितलं की मार्चच्या मध्यापर्यंत एका पायावर एकच रेघ दिसली पाहिजे, नाहीतर परत पॉलिशला बसावं लागेल.

बाई चांगल्या आहेत. त्यांच्या बहिणीला ज्यांचा उपयोग झाला त्या मानसोपचारवाल्या बाईंचा पत्ता त्यांनीच दिला. गेस्टाल्ट नावाची पद्धत आहे म्हणे. गोळ्या नाहीत. जुन्या गोष्टींचा नुसता पाढा वाचायचा नाही. आत्ता, या खोलीत बसल्या बसल्या आपल्याला काय होतंय ते बघायचं. बुधवारी जाणार आहे. तुला न सांगता जावं असं मनात आलं होतं, पण ते लपवणं झालं असतं.

तुझा लोभ आहे तेवढा पुरे, मोजून बघत नाही.

तुझी
फूटपट्टी

१० फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र चष्मा पुसून दोनदा वाचलं. तुझ्या मानानं फारच कमी. सात रेघांचं वाचून मला आधी हसू आलं, खोटं कशाला बोलू? मोरीपर्यंत पोचले तेव्हा थांबलं.

तुझी आई गेल्यापासून या घरात मी तुला वाढवलं. प्रकृतीनं नाजूक होतीस म्हणून दहा वर्षांची होईपर्यंत शाळा घरातच. अक्षर मी शिकवलं, माप तुझ्या बाबानं. टेबलापर्यंत हात पुरत नव्हता तेव्हापासून तुझ्या हातात पट्टी. त्यातूनच हे सगळं निघालं असं त्या बाई म्हणणार, मला दिसतंय. म्हणू देत. आम्ही दोघं काही शिकलेले मास्तर नव्हतो, एक सुतार आणि एक त्याची थोरली बहीण.

मनावरचं ओझं परक्या माणसापुढे उतरवायचं हे मला पटत नाही. पण घरच्यांपुढे तरी तू कुठे उतरवलंस? तेव्हा जा. फक्त बाबाबद्दल त्यांना वेडंवाकडं बोलू देऊ नकोस. तो आता उत्तर द्यायला नाही.

माझे गुडघे कुरकुरतात, बाकी मी तुकतुकीत. बाबानं केलेल्या त्या बुटक्या खुर्चीत बसून लिहितेय. माझे पाय जमिनीला टेकतात अशी जगात ही एकच खुर्ची.

माया आहेच, तुला ती पत्रातून चाचपून बघायची गरज नाही.

आत्या

२२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दोनदा जाऊन आले. पहिल्या वेळी नुसतं बोलणं. बोलताना मी अंगठ्याच्या नखानं बोट दाबत होते, ते बाईंनी बघितलं आणि विचारलं, तो अंगठा काय सांगतोय? मला हे विचित्र वाटलं. पण घरी येताना बसमध्ये त्याच अंगठ्याकडे बघत बसले.

दुसऱ्या वेळी त्यांनी माझ्यासमोर एक रिकामी खुर्ची ओढली आणि विचारलं, इथे कोणाला बसवाल? माझ्या तोंडून पटकन बाबा निघालं. मग त्यांच्याशी बोला म्हणाल्या. मला बोलताच येईना, कारण ती खुर्ची डुगडुगत होती. एक पाय कमी होता. मी सांगितलं की बाबा हलत्या खुर्चीत बसणार नाहीत. तू हसशील, त्या हसल्या नाहीत. मला आत्ता काय करावंसं वाटतंय एवढंच त्यांनी विचारलं. मी बसच्या तिकिटाची घडी करून पायाखाली सरकवली आणि खुर्ची दाबून बघितली. तीनदा. त्यांनी विचारलं, हे कोणासाठी चाललंय?

आत्या, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. एकोणीस वर्षांची असताना बाबांनी मला पहिल्यांदा एकटीनं खुर्चीचे पाय कापायला दिले. एक पाय इंचभर कमी झाला. बाबांनी तो उचलला, डोळ्यासमोर धरला, खाली ठेवला आणि बाकीचे तीन स्वतः तेवढेच कापले. एक शब्द नाही. त्यानंतर करवत माझ्या हातात त्यांनी कधी दिली नाही, मीही मागितली नाही. दोन वर्षांनी ते गेले. तीच तुझी बुटकी खुर्ची.

बाबा, काहीतरी बोला ना, एवढंच मी त्या रिकाम्या खुर्चीला म्हणू शकले. बाईंनी सुचवलं की आता त्यांच्या जागी बसून उत्तर देऊन बघा. मी नाही बसले. बाबांच्या जागी मी कशी बसणार?

तुला यातलं काही ठाऊक होतं का?

लोभ राहू दे, हे वाचल्यावरही.

तुझी
फूटपट्टी

१ मार्च

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ.

ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी तुझा बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, पोरीचा एक इंच गेलाय, चेहरा एवढासा झालाय तिचा. मी काही बोलायला जाईन आणि ती करवतच टाकेल. तूच सांग तिला, मी रागावलो नाही, उद्या दुसरा पाय काप म्हणावं. मी त्याला म्हटलं, तोंड काय माझ्याकडे गहाण टाकलंयस? तुझी मुलगी, तूच सांग.

त्याला वाटलं मी सांगेन, मला वाटलं तो सांगेल. पुढे तो तुझ्या मागण्याची वाट बघत राहिला आणि तू त्याच्या देण्याची. मी सगळं बघत होते. मधे पडत नाही याचा मला अभिमानसुद्धा होता. तो गेल्यावर म्हटलं, आता सांगून काय उपयोग? आणि खुर्ची माझ्या उंचीला जमली, म्हणून तिच्यात बसत राहिले.

काल दुपारी तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचलं. मग त्या खुर्चीतून उठले, समोर पलंगावर बसले आणि तुझ्या खुर्चीवाल्या बाईंचा प्रयोग करून बघितला. तू भित्रा होतास आणि मी हट्टी, असं त्याला सांगितलं. जरा मोठ्यानंच सांगितलं असणार, शेजारीण डोकावून गेली. त्याचं उत्तर आलं नाही. आलं असतं तरी मला कुठलं ऐकू यायला!

रागावणार असशील तर रागाव, पण लिही. गप्प बसणं या घरात पुरेसं झालंय.

माया आहे, चूकही माझी आहे.

आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी रागावले. आठवडाभर तुझं पत्र उशीखाली न ठेवता कपाटात ठेवलं, म्हणजे बघ. नंतर बाईंकडे गेले आणि आधी तुलाच त्या खुर्चीत बसवलं. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. पण मला इतकी वर्षं एक वाक्य हवं होतं आणि ते तुझ्या स्वयंपाकघरात पडून होतं, हे मी तुला सांगितलं. बाईंनी मला अडवलं नाही, तुझी बाजूही घेतली नाही.

मग मी उठले आणि त्याच खुर्चीत, बाबांच्या जागी बसले. बसताक्षणी माझे हात आपोआप बैठकीखाली गेले, सांधा चाचपायला, ते करायचे तसे. मी म्हणाले, भ्यायलो होतो. रागावलो नव्हतो हे मला तुझ्या पत्रातून कळलंच होतं. तू त्यांना भित्रा म्हटलंस तेही वाचलं होतं, पण भ्यायलो होतो हे माझ्या तोंडून निघणं माझं मलाच नवीन होतं. ते खरंच बाबांचं होतं की मी माझ्या पदरचं घातलं, हे मला ठाऊक नाही, आणि ते न सांगणं बरोबर दिसणार नाही. बाई म्हणाल्या, आजच ठरवायला हवं असं नाही.

काल मुकादमबाईंनी ठरवलेला दिवस होता. वीस पाय, वीस रेघा. मधे दोनदा हात धुवायला गेले, पण रेघा वीसच. कापणारा रजेवर होता. मी करवत मागितली. मुकादमबाईंनी माझ्याकडे जरा बघितलं आणि दिली. चार पाय कापले. तिसरा सूतभर कमी झाला. कोणी बघितलं नव्हतं. बाकीचे तिन्ही सूतभर कापून टाकले असते तर कोणाला कळलंही नसतं. करवत तशी उचललीही होती.

पण तो पाय घेऊन मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, हा माझ्याकडून कमी झाला. त्यांनी पट्टी लावून बघितली आणि विचारलं, मग अशी उभी काय राहिलीस? दुसरा घे.

दुसरा घेतला.

गुडघे सांभाळ. ती खुर्ची डुगडुगायला लागली असेल तर कळव, येऊन बघेन. एकदाच बघेन.

राग अजून सूतभर शिल्लक आहे. लोभ त्याहून पुष्कळ जास्त.

तुझी
फूटपट्टी