बाबा पहिल्या रांगेत बसणार आहेत

प्रिय मावशी,

नमस्कार. (कागदावरचाच गोड मानून घे, सध्या मी हात जोडले की संगीत बंद पडतं, का ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचं पित्त? मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

शनिवारी माझा पहिला कार्यक्रम, आणि बाबा येणार आहेत. तुझ्या मेव्हण्यांना तू ओळखतेस. जन्मभर लोकांच्या दाढा काढल्या, पण हात म्हणून कधी हलला नाही. मी नोकरी सोडून ‘हवेत हात हलवायचा धंदा’ (शब्द त्यांचे) सुरू केला, तेव्हापासून त्यांनी घरात हा विषयच काढलेला नाही. आणि आता अचानक येतो म्हणाले. एकदा बघून त्यांना हे माकडचाळे वाटले, की मग कायमचे माकडचाळेच.

तू आल्यावर दचकू नयेस म्हणून सांगून ठेवते. मी डोळ्यांवर एक डबा बांधते. (त्याला हेडसेट म्हणतात, पण दिसतो डबाच.) आत मला माझ्याभोवती गोळे आणि दांडे तरंगताना दिसतात. गोळा दाबला की ढोल घुमतो, दांडा ओढला की सूर लांबतो, हात जोडले की सगळं चिडीचूप. लोकांना यातलं काहीच दिसत नाही. त्यांना एक एवढी मोठी घोडी झालेली मुलगी नसलेल्या दोरीवर नसलेले कपडे वाळत घालताना दिसते, आणि आवाज मात्र कानठळ्या बसवणारा.

बरं, त्या यंत्राला मनातलं कळत नाही, फक्त हातातलं कळतं. पहिल्या तालमीत मी नाक खाजवलं आणि अख्खा ताल गडप झाला. हॉलच्या मालकीणबाई म्हणाल्या, ही शांतता फार सुंदर होती, ठेवा. दुसऱ्या तालमीत मी तंद्रीत फिरत फिरत गेले आणि अर्धा कार्यक्रम मागच्या भिंतीला ऐकवला. शेवटी आग विझवायच्या नळकांड्याला लवून नमस्कारही केला. आवाज सांभाळणारा गडी (त्याला सगळे भोंगा म्हणतात) हूं की चूं करेना. विचारलं तर म्हणे, मला वाटलं तसंच बसवलंय. आता स्टेजवर पायपुसणं चिकटवलंय. अनवाणी उभं राहायचं, अंगठ्याला काठ लागला की तिकडे प्रेक्षक.

पण खरी पंचाईत वेगळीच आहे. मी घाबरले की हात थरथरतात, आणि यंत्र ती थरथर इमानेइतबारे वाजवतं. सूर शेळीसारखा होतो. थरथर गाळून टाकायची सोय आहे, ती लावूनही बघितली. सगळं इतकं गुळगुळीत झालं की भोंग्याने जांभई दिली, आणि मलाही ते माझं वाटेना. म्हणून ती काढून टाकली. म्हणजे आता ज्या माणसाचा हात आयुष्यात हलला नाही, त्याला स्वतःच्या मुलीचा प्रत्येक कंप मोठ्या स्पीकरवर ऐकू जाणार. मावशी, मला फार भीती वाटते गं.

तुझी,
हवेतली भाची

ता. क. गुडघा सांभाळ, यायची दगदग करू नकोस.

ता. क. दुसरा. छे, येच. गाडी पाठवते. तुझी खुर्ची बाबांच्या शेजारी ठेवलीय. डब्यातून मला कोणीच दिसत नाही, तेव्हा ते मध्येच उठून गेले तर मला नंतरही सांगू नकोस. शेवटी फक्त दोघांच्या वाटतील इतक्या टाळ्या वाजव.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात आईचा फोन आला. म्हणाली, आज दवाखाना बंद करून आल्यापासून बाबा आतल्या खोलीत एकटेच हवेत हात हलवून बघत होते. ती दिसल्यावर म्हणाले, खांदा आखडलाय. मावशी, ते उठून गेले तर काय करायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. शेवटपर्यंत बसले तर काय करायचं, तेवढं मला सांग.