भिंतीची अकरा भोकं

३ ऑक्टोबर
आजपासून भिंतीच्या दुरुस्तीवर देखरेख माझी. घर दोनशे वर्षांचं. अंगण पेलून धरणारी दगडी भिंतही तेवढीच जुनी. दादाला ऑफिस, वहिनीला शाळा. घरात रिकामा मीच. रिकामा नव्हे, उपलब्ध. गवंडी म्हातारा आहे. सांधे चुन्यानेच भरतो, सिमेंट म्हटलं की तोंड वाकडं करतो. त्याला हळूहळू मॉडर्न करीन.

९ ऑक्टोबर
काम संपलं म्हणतो. पायाशी अकरा भोकं तशीच! विचारलं तर म्हणाला, मागचं पाणी निघून जायला ठेवलीत, बुजवू नका. कामचुकारपणाला काय एकेक कारणं.

१० ऑक्टोबर, दुपारी
गवंडी नसताना अकराही भोकं सिमेंटने बुजवली. वरून चुना फासला. फिनिशिंग फर्स्ट क्लास. इंजिनिअर व्हायला हवं होतं मी.

१६ ऑक्टोबर
दोन दिवस पाऊस. भिंतीला पोट आलंय. थोडंसंच. माझ्याइतकं.

१७ ऑक्टोबर
माझ्यापेक्षा जास्त. अंगणाखाली पाणी तुंबलंय. दादाने विचारलं, पाणी जायची भोकं कुठे आहेत? मी म्हणालो, गवंड्याने ठेवलीच नाहीत. तोंडातून निसटलं. उद्या दुरुस्त करतो. म्हणजे ते वाक्य.

१८ ऑक्टोबर
दादाने गवंड्याला बोलावून गल्लीत सगळ्यांसमोर फैलावर घेतलं आणि हाकलून दिलं. शेजारच्यांनीही त्याला दिलेलं काम परत घेतलं. मी तेव्हा गच्चीवर टॉवेल वाळत घालत होतो. दोनच होते, पण नीट घालायचे म्हणजे वेळ लागतो.

१९ ऑक्टोबर
जेवताना सांगणार होतो. आमटी खारट झाली, दादाचा मूड गेला. अशा वेळी सांगणं बरं नाही.

२१ ऑक्टोबर
मुद्दे लिहून काढले. चार झाले. पहिल्या तिन्हींत चूक पावसाची आहे.

२३ ऑक्टोबर
बाजारात गवंडी दिसला. मी पटकन समोरच्या दुकानात शिरलो. शिलाई मशीनचं निघालं. दहा मिनिटं सुया पाहिल्या. बाहेर डोकावलो तर तो एकाला काम विचारत होता. त्या माणसाने नकारार्थी मान हलवली आणि आमच्या घराच्या दिशेने बोट दाखवलं. गवंड्याच्या पोटावर मी पाय दिला. उद्या नक्की.

२४ ऑक्टोबर
दादाला सर्दी.

२६ ऑक्टोबर, सकाळी ९
सांगितलं. दादा बूट घालत होता. मुद्दा एकही आठवला नाही. भोकं मी बुजवली, एवढंच म्हणालो.
दादा म्हणाला, "गवंडी त्याच दिवशी म्हणाला होता, धाकट्या भावाला विचारा. मी म्हटलं, माझा भाऊ खोटं बोलत नाही."
ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. एका पायात बूट, तसाच बसून राहिला.

२८ ऑक्टोबर
दादा स्वतः गवंड्याच्या घरी गेला, माफी मागून त्याला घेऊन आला. भिंतीला टेकू लावले. गवंड्याची अट एकच: ज्याने बुजवली, त्यानेच उघडायची. माझ्या हातात छन्नी-हातोडी दिली. सिमेंट फारच पक्कं बसलंय. संध्याकाळपर्यंत एक भोक झालं. गढूळ पाणी पायावर आलं.
दादा आणि गवंडी पायरीवर बसून बघत होते. वहिनी चहा घेऊन आली. दोन कप आणले होते. मी दुसऱ्या भोकाला सुरुवात केली.