रूपाली उभ्यानं लिहिते

११ जानेवारी १९९९

लिही — माझी नात रूपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, सातवा नुकताच लागलाय, आणि चार दिवसांत एकदाही बसलेली दिसली नाही! हेसुद्धा उभ्यानंच लिहितेय. वही गव्हाच्या कोठीवर, पोट कोठीला टेकलेलं. मला म्हणते, "आजी, माझ्याबद्दल नको ना सांगूस." मग कुणाबद्दल सांगू? मला अक्षर येत नाही, हिला बसता येत नाही. बरी जोडी जमलीय.

खोडू नको गं. खोडलेलं मला कळतं, पेन वेगळं वाजतं.

१३ जानेवारी

वहीबाई, ऐक. पोरगी अर्धी भाकरी खाते आणि ताट सारते. वजन महिन्यात अर्धा किलोसुद्धा वाढलं नाही. आज संडासातून आली ती घामानं निथळत, डोळे लाल. मी ओसरीवर शेवंतीचे गजरे बांधत होते. सरळ विचारलं, "रक्त पडतं का?"

ती टोपलीतली फुलं निवडायला लागली.

"मोड आलाय?"

मग जी रडायला लागली! खाल्लं की जावं लागतं, गेलं की सुरी फिरल्यासारखं होतं — म्हणून बाईसाहेबांनी खाणंच सोडलेलं. पोटातलं लेकरू उपाशी, का तर आईला लाज!

"आत्याबाईंना कळलं तर? सगळ्या पिंपळगावात बोभाटा होईल." आत्याबाई म्हणजे हिची सासू, साळूबाई. जीभ अशी की कांदा चिरावा.

मूळव्याध. लिही, अख्खं लिही. 'तो त्रास' नाही. मूळव्याध!

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटला, पण गोड बोलले नाही. उद्या दवाखान्यात आली नाहीस तर साळूबाईंना फोन लावते, असा दम दिला.

१५ जानेवारी

आली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, "घाबरू नकोस, गरोदरपणात पुष्कळ जणींना होतं. बाळंतपणानंतर बहुतेक ओसरतं. पण लपवायचं नाही, आणि उपाशी तर मुळीच राहायचं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "आजी, खायला काय देता?"

मी ऐटीत सांगितलं — डिंकाचे लाडू, सकाळ-संध्याकाळ. सासरी होती तेव्हापण डबा भरून पाठवत होते! पपई नाही, केळं नाही, पेरू नाही. पाणी बेतानं, नाहीतर पाय सुजतात. आणि तोंडाला चव हवी म्हणून ठेचा.

बाईंनी चष्मा काढला. "आजी, डिंकाचे लाडू बाळंतिणीला ना? हिला अजून तीन महिने आहेत!"

लिही. चूक माझी. मायेच्या घाईत पोरीला आधीच बाळंतीण करून टाकली, पोट साफ होईना, दगडासारखं झालं तिचं. मी मान खाली घातली, आणि रूपाली हसली! आल्यापासून पहिल्यांदा.

आता पाणी भरपूर, पेरू, पालेभाजी, इसबगोल, वरून लावायला मलम. दिवसातून दोनदा कोमट पाण्यात बसायचं. झोपायचं डाव्या कुशीवर. लोहाच्या गोळ्या चालूच.

२० जानेवारी

कोमट पाण्यासाठी माझ्या लग्नातलं घंगाळ माळ्यावरून काढलं. तिचे आजोबा त्यातलं पाणी घेऊन आंघोळ करायचे. आता नात त्यात बसते. वरून बघत असतील तर हसोत बापडे.

२९ जानेवारी

दोन भाकऱ्या! वर पेरू! आणि संडासातून गुणगुणणं ऐकू आलं.

७ फेब्रुवारी

डोहाळजेवण. रूपालीचा हात दुखतोय, तरी मी म्हणते आजच लिही.

आम्ही फुलं विकणारी माणसं, आमच्यात गर्भारशीला फुलांनी मढवून झोपाळ्यावर बसवतात, शेवटची बाई ओटी भरेपर्यंत उठू देत नाहीत. दोन तास! पोरगी बरी झालीय, पण एवढं कुठं जमायला? मी झोपाळा काढायला लावला, खाट टाकली, खाटेला शेवंती बांधली. रूपाली डाव्या कुशीवर, हात डोक्याखाली — अगदी शेषशायी विष्णू!

साळूबाई आल्या, दारातच थांबल्या. "हे काय इहीणबाई? आमच्यात ओटी बसून भरतात. लोळून नाय."

मी तोंड उघडणार होते. रूपालीनंच हात वर केला.

"आत्याबाई, मला मूळव्याध झालीय. बसवत नाही."

ओसरीवर वीस बायका. सगळ्यांदेखत सांगितलं!

साळूबाई हळूच खाटेच्या कडेला टेकल्या. म्हणाल्या, "ललितच्या वक्ताला मी तीन महिने उभ्यानं भाकरी थापली गं. सासूला सांगायची सोय व्हती का?" ललित म्हणजे आमचा नातजावई!

झालं! शेजारची ठमाबाई म्हणाली, "मला दोन्ही पोरांच्या वेळी." लताबाई म्हणाली, "मला तर अजून मधूनमधून." एकच गलका. पेढे तसेच, ओटीचे नारळ तसेच, आणि जिला-तिला डॉक्टरीणबाईंचा पत्ता हवा! साळूबाई जाताना रूपालीच्या गालावरून हात फिरवून गेल्या. "लोळ, खुशाल लोळ."

जिंकली माझी पोर. हे दोनदा लिही.

जिंकली माझी पोर.

६ एप्रिल

मुलगी! पावणेतीन किलो! (रूपाली दवाखान्यात आहे, म्हणून आज तिची आई लिहितेय. तिचं अक्षर कोंबडीचं आहे म्हणतात, मला काय फरक पडतो.)

२५ मे

त्या दिवशी सगळ्या बोलल्या, मी बोलले नाही. रूपालीचा बाप पोटात होता तेव्हापासून आहे मला. पंचेचाळीस वर्षं. आज सकाळी रूपालीला सांगितलं. तिनं लेक आईच्या मांडीवर दिली आणि रिक्षा बोलावली. सोमवारी ऑपरेशन. दवाखान्यात नर्सनं जवळ येऊन, अगदी हळू विचारलं, "आजी, काय होतंय?" मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं.