कारंज्याची जागा

१४ मे १९८९, रविवार. सकाळ.
खुरपं कशाला तरी लागलं. टणक. हातानं माती उकरली. धातू शोधायच्या मशीनची शिट्टी चालूच. आणखी उकरली. लिंबाचं मूळ आणि त्यात रुतलेला खिळा. नाणं नाही, पण खिळा जुना आहे. म्हणजे या जागेला जुनेपण आहे हे सिद्ध झालं. खड्डा बुजवला.

बागेचा रखवालदार भटू मागे येऊन उभा होता. म्हणाला, भाऊ, आठे काही नई शे, बठ्ठं गाव खणी ग्ये. सगळं गाव खणून गेलं हे खरं, पण त्याला समजावलं. काही वर्षांपूर्वी या बागेची भिंत बांधताना म्हणे चांदीच्या नाण्यांचं गाडगं निघालं. तेव्हापासून निम्मं धुळं इथे सळया आणि चाळण्या घेऊन येतं. पण ते सगळे अंदाजानं खणतात. सायन्स घेऊन आलेला मी पहिला. भटू म्हणाला, मंग तुमना सायन्सले सांगा, मनी सायकलनी किल्ली आठेच कोठे पडेल शे, तेवढी काढी द्या.

बायको, सुगंधा, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी फैजपूरला गेली त्याला आठवडा झाला. तिचा भाऊ सुपडू न्यायला आला होता. निघताना म्हणाली, मला घ्यायला याल तेव्हा त्या मशीनचा नाद सोडून या. नाही तर येऊ नका. तिला अशी थट्टा करायची सवय आहे.

संकल्प: एक जुनं नाणं. फक्त एक. ते मिळालं की त्याच दिवशी फैजपूर. रिकाम्या हातानं सासुरवाडीला जाणार नाही.

१६ मे, मंगळवार.
ऑफिसच्या आधी दोन तास बाग. गेटजवळ मशीन एकदम ओरडलं. खाली वाकलो तर जमिनीतून एक गृहस्थ केळीवरच्या करप्याबद्दल बोलू लागले. जळगाव आकाशवाणी. मशीनमध्ये ट्रान्झिस्टर असल्यामुळे असं मधूनमधून होतं.

ट्रान्झिस्टर सुगंधाचा आहे. पाचव्या गल्लीतल्या रुपचंद रेडिओवाल्यानं मासिकातली आकृती बघून मशीन बनवलं. झाडूचा दांडा, खाली तारेची कॉइल, वर ट्रान्झिस्टर. मी सुगंधाला म्हटलं होतं, पहिलं नाणं मिळालं की तुला नवा सेट. ती म्हणाली होती, मला हाच पाहिजे. दुपारी भांडी झाल्यावर ती तो ऐकायची. तपशील आत्ता आठवला, म्हणून लिहिला.

करप्यावरचं भाषण उभ्यानं पूर्ण ऐकलं. सासुरवाडीत उपयोगी पडेल. नंतर तिथे खणलंच. भाषणाखाली सिग्नलही असू शकतो. सोड्याच्या बाटलीचं बूच निघालं.

१८ मे, गुरुवार.
आज मूलभूत विचार केला. या बागेत प्रत्येक जागा कोणी ना कोणी शोधली आहे. म्हणून प्रत्येकानं असं मानलं असणार की आधीच्यानं नीट शोधलंय. म्हणजे नीट कोणीच शोधलेलं नाही. जितकी जास्त शोधलेली जागा, तितकी जास्त शिल्लक. हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

या सिद्धांतानुसार सगळ्यात खणलेली जागा निवडली. बाकांमधली. भटूची किल्ली सापडली. त्याला दिली. म्हणाला, महिनाभर व्हयना, दुसरी बनाई लिधी. तरी खिशात टाकली. आभार मानले नाहीत.

२१ मे, रविवार.
दुपारी सुपडू आला. केळीच्या ट्रकबरोबर हायवेला उतरला होता. मी चहा केला. साखर सापडली नाही. त्यानं मोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, दाजी, ताई पुसून राह्यली, न्यायले कधी येता? मिरग लागायच्या आत या बुवा. आखाजीले आलेली बाई मिरगापर्यंत माहेरी राह्यली का गल्लीतल्या बाया बोलतात.

मी म्हटलं, पुढचा रविवार. नक्की.

रागावली आहे का, तेही विचारलं. सुपडू म्हणाला, नाई, रागावली नाई, पापड लाटून राह्यली. हायसं वाटलं. पापड कुठल्या घरासाठी, ते विचारायचं राहिलं.

जाताना मशीनकडे बघून म्हणाला, दाजी, याच्यानं केळीत पडलेला मोटारीचा पाना घावंल का? माणूस चांगला आहे. पण दृष्टी पान्यापलीकडे जात नाही.

२४ मे, बुधवार.
जमीन दगडासारखी. खुरप्याची मूठ तुटली. उपाय सुचला: आदल्या संध्याकाळी पाणी ओतून ठेवायचं. बागेच्या नळावरून बादल्या आणल्या. भटू ओरडला, झाडसले पानी नई शे, अन तुमी खड्डासले पाजी राह्यनात! मी म्हटलं, नाणी निघाली तर बागेचं नाव होईल. तो म्हणाला, नाव शे ना. लोके म्हणतस, खड्डासनी बाग.

ऑफिसात साहेबांनी माझ्या नखांकडे बघितलं. कौतुक असावं.

२८ मे, रविवार. सकाळ.
बॅग भरली. धुतलेला शर्ट घातला. गाडीला वेळ होता आणि बाग वाटेवरच. अगदी वाटेवर नाही, पण फार वाकडीही नाही. मशीन बरोबर घेतलं. एकच फेरी.

बागेच्या मध्यावर एका चौथऱ्यात संगमरवरी पाटी आहे. कुणा पदाधिकाऱ्याचं नाव, तारीख आणि कारंजे असा शब्द. आसपास कारंजं कुठे दिसत नाही. पाटीची उंची मात्र बरी. तिच्यावर बॅग ठेवली आणि मशीन चालू केलं.

असा सिग्नल आजवर आला नव्हता. पाटीच्या पुढ्यात, अगदी ठरावीक गोल जागेत. बाजूला सरकलं की शिट्टी उतरते, परत आलं की चढते. खिळा असा बोलत नाही. बूच असं बोलत नाही.

आश्चर्य म्हणजे या एवढ्या खणलेल्या बागेत नेमकी हीच जागा कुणी खणलेली नाही. लोक पाटीला बिचकले असणार.

त्याच दिवशी, दुपार.
गाडी गेली. दुसरी होती, पण तिनं पोचायला संध्याकाळ झाली असती. जावयानं दिवेलागणीला जाऊन उभं राहणं बरं दिसत नाही.

३० मे, मंगळवार.
फैजपूरला ट्रंककॉल लावला. शेजाऱ्यांकडचा फोन. सुगंधा आली. मी म्हटलं, फार महत्त्वाचं काम निघालं. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, या रविवारी येतो, आणि रिकाम्या हातानं येणार नाही. ती म्हणाली, हातात काय असेल ते मला ठाऊक आहे, हात कोणत्या मशीनवर असतील तेही ठाऊक आहे. मग फोन कट झाला. लाइन खराब असते.

३ जून, शनिवार.
सापडलं.

आधी लिहून काढतो, मग आंघोळ. पाटीच्या पुढ्यात कोपरभर खोल. आधी मुरूम, मग विटांचं एक छोटंसं नीट रचलेलं घर. फोडलं. आत तांब्याचा कलश. तोंडाला लाल कापड, वर नाडा बांधलेला. हलवला तर आत वाजतं. धातूवर धातू.

कापडाचा रंग अजून पक्का आहे. कोरड्या मातीत शेकडो वर्षं वस्तू टिकतात हे वाचलं होतं. आज बघितलं.

उघडलेला नाही. उद्या फैजपूरला, सासऱ्यांसमोर आणि सुगंधासमोर उघडीन. भटूनं बघितलं आणि दोन्ही हात कानाला लावले. म्हणाला, भाऊ, तुम्हले काही भ्याव वाटत नई का? मी म्हटलं, सायन्सला भीती नसते. तो निघून गेला. एवढ्या दिवसांत प्रथमच त्याला माझं पटलं.

४ जून, रविवार. फैजपूर.
जळगावला गाडी बदलली. कलश सबंध रस्ताभर मांडीवर.

ओट्यावर आबा बसले होते. सासरे माझे, जीवराम आबा, मोजकं बोलतात. सुगंधा दारात आली. बारीक झाली आहे, किंवा माझा तसा समज. म्हणाली, रेडिओ कसा आहे? मी म्हटलं, कामाला लागलाय.

कलश ओट्यावर ठेवला. सुपडूनं शेजारच्या दोघांना बोलावलं. मी नाडा सोडला. हळकुंड निघालं. सुपारी. थोडे तांदूळ. पत्र्याइतका पातळ चांदीचा नाग. आणि नाणं. एक रुपया. सन १९८५.

मग सुपडू फसकन हसला आणि आत निघून गेला.

आबा म्हणाले, जावईबापू, हे तं भूमिपूजनाचं हाये. कोनाचा पाया उपटून आनला?

मी कारंज्याचं सांगितलं. म्हटलं, चार वर्षं झाली, कारंजं बांधलेलं नाही, बांधणारही नाहीत. आबा म्हणाले, बांधो का न बांधो. जमिनीले एकदा दिलं ते दिलं. मी म्हटलं, नाणंसुद्धा तसं बघितलं तर आज नवं आहे, पण उद्या जुनं होईलच.

आबा म्हणाले, जिथून काढलं तिथं परत ठेवा. उद्याच. अन् एकट्यानं नाई, जोडीनं ठेवावं लागते. सुगंधा, तू जाय याच्यासंगं.

सुगंधानं आबांकडे बघितलं. मग आत जाऊन एक पिशवी भरून आली. लहानशी.

म्हणजे सुगंधा येते आहे. मृगाच्या आत. आणि तीसुद्धा केवळ मशीनमुळे. रुपचंदला सांगायला हवं.

५ जून, सोमवार. धुळे.
सीएल टाकली. स्टँडवरून सरळ बाग. सुगंधानं येतानाच हळद, कुंकू, दूध आणि नवं लाल कापड आणलं होतं. मी विटा परत रचल्या. तिनं सगळं कलशात होतं तसं भरलं. माझ्या हाताला हात लावून तिनं पाणी सोडलं. असं आम्ही लग्नातच एकदा बसलो होतो.

भटू फावडं घेऊन आला होता. खड्डा भरता भरता म्हणाला, भूमिपूजन तं तुमनं बी व्हयनं भाऊ. आते कारंजं बी तुमीच बांधी टाका. सुगंधा हसली. पदर तोंडाला लावून, खूप वेळ. मीही हसलो. बरं वाटलं.

मग मातीवर तळहात ठेवून ती म्हणाली, खरंच झालं असतं कारंजं तर बरं झालं असतं. लोक तरी आले असते बसायला.

बाकावर बसलो. ती म्हणाली, मला एक कबूल करा. इथे परत नाणी शोधायला यायचं नाही. मी म्हटलं, कबूल. म्हणाली, नीट सांगा. मी म्हटलं, नाणी शोधायला या बागेत परत पाऊल टाकणार नाही. अगदी मनापासून म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

संध्याकाळी तिनं मोरी घासली. घर परत घरासारखं दिसतं आहे. पिशवी खुंटीवर.

६ जून, मंगळवार.
ऑफिसात दिवसभर एक विचार डोक्यातून जात नव्हता. तांब्याचा कलश कोपरभर खोलीवर नेमका कसा वाजतो, हे आता मला ठाऊक आहे, पण मोजून बघितलेलं नाही. शिट्टीची पट्टी किती चढते, किती अंतरावर उतरते. हे एकदा टिपून ठेवलं की पुढे कुणालाही उपयोगी पडेल. जमिनीखाली काय आहे हे खात्रीनं ठाऊक असलेली सगळ्या धुळ्यातली ही एकमेव जागा आहे. अशी संधी सायंटिस्टलाही मिळत नाही.

आणि हे नाणी शोधणं नव्हे. नाणं कुठे आहे ते माहीतच आहे. शब्द मोडण्याचा प्रश्न येत नाही.

सुगंधाला म्हटलं, जरा पाय मोकळे करून येतो. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, या, तोवर पिठलं होतं. मशीन गोणपाटात घेतलं.

खणायचं नव्हतंच. मोजमाप झालं. पण कलशाच्या डावीकडे, हातभर अंतरावर, वेगळीच एक बारीक शिट्टी. दोन धातू असताना मोजमाप अचूक येत नाही. म्हणून तेवढंच उकरून बघितलं. भटू नुसता लांब उभा होता. तिथे काहीच निघालं नाही.

घरी आलो तेव्हा सुगंधा दारात उभी होती. गोणपाट मी आधीच मागच्या अंगणात ठेवलं होतं. तिनं माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. पँटवर ओली माती होती. मी म्हटलं, बाकावर बसलो होतो. ती आत गेली. तांब्या आणून माझ्या हातांवर पाणी ओतलं, माती पूर्ण जाईपर्यंत ओतत राहिली. मग ताट वाढलं. पिठलं गरम होतं. रागावली असती तर वाढलं नसतं.

ती जेवली का, ते बघायचं राहिलं.

७ जून, बुधवार.
सकाळी पहिल्या गाडीनं सुगंधा फैजपूरला गेली.