आठ दिवसांची चूल

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय आक्का,

पाकिटावरचं अक्षर तुमच्या धाकट्या जावेचं आहे हे ओळखून पत्र चुलीत घालू नका. पंधरा वर्षांत लग्नकार्यात ‘बरं आहे ना’ यापलीकडे आपण बोललो नाही, आणि फोन केला तर तुम्ही ‘हं’ म्हणून ठेवून द्याल. म्हणून लिहिते आहे. पण आधी गंमत सांगते, नाहीतर माझं पोट फुगेल. आक्का, मी इंग्लंडला जाऊन आले!

रविराजनं आम्हा दोघांना बोलावलं होतं. मला वाटलं, लेक तिथे नोकरीला आहे, हॉटेलात ठेवील, आयतं खाऊ. तर यानं खेड्यातलं एक दगडी घर आठ दिवसांसाठी घेतलेलं. भांडीकुंडी, शेगडी, अंथरूण-पांघरूण घरमालकिणीचं, रांधायचं मात्र आपलं आपण. म्हटलं, वा रे वा, एवढं विमानात बसून पुन्हा पोळपाटच! पण घर बघितलं आणि राग कुठल्या कुठे गेला. दार इतकं बुटकं, की हे दोनदा कपाळ आपटून बसले. खिडकीबाहेर मेंढ्या, आणि शांतता अशी, की मेंढी गवत उपटते तेही ऐकू येतं. आपण विंचूरच्या कांद्याच्या ट्रॅक्टरांत जन्म काढलेली माणसं, ह्यांना तिथे दुपारची झोपच येईना.

आता माझा पराक्रम ऐका. नवी चूल म्हणून मी आपल्या रीतीनं दूध ठेवलं आणि मुद्दाम उतू जाऊ दिलं. शेगडी निघाली काचेची! दूध करपलं, धूर झाला आणि छताला लावलेलं धुराचं यंत्र असं किंचाळायला लागलं, की मेंढ्या पळाल्या. शेजारून घरमालकीणबाई गाऊनवरच धावत आल्या. सत्तरीच्या असतील. मी आपली हात जोडून उभी. रविराजनं सगळं समजावलं, तर चिडायचं सोडून बाई हसतच सुटल्या. काच मीच घासून दिली आणि त्यांना जेवायला थांबवून घेतलं.

जेवण रविराजनं केलं. कुळथाचं पीठ मी बॅगेतून नेलं होतं. पोरगा बाह्या सरसावून शेंगोळे वळायला बसला आणि मी बघतच राहिले. तशीच लांब वळी, तसाच वेढा, आणि शेवटी अंगठ्यानं टोक दाबायची तुमचीच खोड! चवही तुमचीच. कुठे शिकलास विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, मोठ्या आईजवळ. मग मालकीणबाईंना तुमच्याबद्दल कितीतरी वेळ सांगत बसला. मला इंग्रजी कळत नाही, पण त्याचा चेहरा कळतो.

आक्का, वेगळं होताना मी सगळ्यांना सांगितलं, एका स्वयंपाकघरात दोघींना जागा पुरत नाही. ते खोटं होतं. शाळेतून आला की तो दप्तर तुमच्यापुढे टाकायचा, ताप आला की तुमचं नाव घ्यायचा. मला ते बघवत नव्हतं. तुमच्या पदरात दुसरं लेकरू नाही हे ठाऊक असून मी बारा वर्षांच्या पोराला उचलून नाशिकला आणलं. दुष्टपणा केला मी. पंधरा वर्षं तुम्ही त्याबद्दल कुणापाशी एक शब्द काढला नाहीत, त्याची मला जास्त लाज वाटते.

पुढच्या मे महिन्यासाठी रविराजनं तेच घर पुन्हा घेतलंय आणि चार माणसं कळवली आहेत. चौथ्या तुम्ही. मोठ्या आईला तू स्वतः विचार, मी विचारणार नाही, असं त्यानं मला बजावलंय. म्हणून हे पत्र. तुमच्या पासपोर्टसाठी इथे नाशिकला येत्या सोमवारची वेळ घेऊन ठेवली आहे, आधार कार्ड घेऊन विंचूरहून पहिल्या गाडीनं या. द्वारका चौकात बस थांबते तिथे मी सकाळी नऊपासून उभी असेन. त्या बसमधून उतरला नाहीत तर दुसरी बघीन, तिसरी बघीन. आलाच नाहीत, तर त्याच्या पुढच्या सोमवारची वेळ घेईन.

तुमचीच धाकटी,
उज्वला