मार्गदर्शकाचा फोटो थोडा मोठा

३ नोव्हेंबर
शिवकन्याने पर्यवेक्षिकेच्या परीक्षेचा फॉर्म भरला. अंगणवाडीत सतरंजीवर बरीच वर्षं काढली, आता बायकोला ऑफिसातली फिरती खुर्ची मिळालीच पाहिजे. बाकीचे विषय तिचे ती बघेल. इंग्रजी माझ्याकडे. टेंभुर्णीत स्पोकन इंग्लिशचा क्लास चालवणारा नवरा घरात असताना चिंता कसली? रोज शब्दांची एक फसवी जोडी घ्यायची. अफेक्ट-इफेक्ट, अॅडव्हाइस-अॅडव्हाइज, दोन प्रकारचे प्रिन्सिपल.

४ नोव्हेंबर
सुरुवात उद्यापासून. आज चार्ट पेपर आणला.

७ नोव्हेंबर
चार्टला किनार काढली. शिवकन्याने विचारलं, अफेक्ट कुठं अन् इफेक्ट कुठं? म्हटलं, भाषा अशी घाईत येत नाही, मुरावी लागते. ती म्हणाली, मुरू द्या, पण आधी बरणीत तं घाला. हिचं बेसिकच कच्चं आहे.

११ नोव्हेंबर
शेजारची ज्योत्स्ना झेडपीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. म्हणाली, वहिनी, संध्याकाळी येत जा, मी घेते तुमचं. मी साफ नाही म्हटलं. घरात विहीर असताना शेजारी घागर घेऊन गेल्यावर गावात माझ्या क्लासची काय इज्जत राहील? शिवकन्या भाकरी जरा जोरात थापायला लागली.

अफेक्ट-इफेक्ट मला येतं. कुणी विचारलं की जातं, एवढंच.

२० नोव्हेंबर
फ्लेक्सवाला मच्छिंद्र म्हणाला, निवडणुकीचं काम आलं की मशीन बिलकुल मोकळी न्हाई, काय छापायचं ते जल्दी सांगा. म्हणून अभिनंदनाचा बॅनर आत्ताच करून घेतला. वर शिवकन्या, खाली शुभेच्छुकांची रांग, आणि 'मार्गदर्शक' म्हणून मी. मच्छिंद्रने माझा फोटो तिच्यापेक्षा थोडा मोठा घेतला. त्याची कला, आपण काय बोलणार. डिझाइनमध्ये दिवस गेला, अभ्यास राहिला.

३० नोव्हेंबर
उद्या पेपर. शिवकन्या म्हणाली, एक तरी जोडी सांगा. मी म्हटलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी नवीन काही वाचू नये. चार्ट अप्रतिम दिसतोय.

१८ डिसेंबर, सकाळी
निकाल लागला. साइट उघडेना. उघडून तरी काय बघायचं? मच्छिंद्रला फोन केला, चढव. चौकात, चहाच्या टपरीसमोर, बराबर मधोमध.

दुपारी
साइट उघडली. बाकी सगळं उत्तम. इंग्रजीत गेली.
मच्छिंद्र शिडी घेऊन भोकरदनला गेलाय, प्रचाराचे बॅनर लावायला. परवाशिवाय येत नाही म्हणाला.

१९ डिसेंबर
क्लासला सुट्टी दिली. डोकं दुखतंय. शिवकन्याला सुट्टी नाही, आणि अंगणवाडीची वाट चौकातूनच जाते. लोक पेढे मागतात. किराणा दुकानाच्या नंदाबाई तर नारळ घेऊन आल्या. ती प्रत्येकाजवळ थांबून सांगते, मी पास न्हाई झाले.

नंदाबाई मघाशी घरी येऊन सांगून गेल्या. त्यांनी तिला विचारलं होतं, मंग सरांनी शिकवलं न्हाई का? तर म्हणाली म्हणे, सरांनी लई शिकवलं, माझ्याच डोक्यात बसलं न्हाई. मला तोंड कुठं लपवावं कळेना. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

२० डिसेंबर
चौकावरच्या माडीतल्या क्लासच्या खिडकीतून पाहिलं. शिवकन्या आणि मदतनीस उषाबाई अंगणवाडीतलं टेबल धरून चौकात आल्या. शिवकन्या टेबलावर चढली आणि एकेक दोरी सोडत गेली. टपरीवरचे सगळे चहा थांबवून बघत होते. बॅनर खाली आल्यावर तिने माझा चेहरा आतल्या बाजूला येईल अशी घडी घातली. मी उठलो, चप्पल घातली. लिहायलाही लाज वाटते, पण खाली गेलो नाही.

२२ डिसेंबर
शिवकन्या म्हणाली, मी परत परीक्षा देणार, आजपासून संध्याकाळी ज्योत्स्नाकडं चालले. विचारत नव्हती, सांगत होती. मी म्हटलं, मी येऊ का? तिने विचारलं, शिकवायला? म्हटलं, नाही, शिकायला.

तिने वही पिशवीत टाकली. मग म्हणाली, चला, पण मागं बसा अन् मधी बोलू नका.